सात दिवसांचं डिझेल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



माझा जन्म डिझेल इंजिनांच्या संगतीत गेला. इंजिनं बसवायची, चालू करून द्यायची, बिघडली की रात्री-अपरात्री उठून जायचं, हा चाळीस वर्षांचा धंदा. त्यातही बहुतेक काम डीजी सेटचं, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'जनरेटर' म्हणतो त्याचं. भारनियमनाच्या दिवसांत त्याची ओळख घराघरांत झाली. पण ज्यांच्याकडे वीज जाणं परवडतच नाही अशा ठिकाणी, दवाखान्यांत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तो आधीपासून होता. वर्षातले तीनशे साठ दिवस गप्प उभा राहणारा आणि उरलेल्या पाच दिवसांत सगळ्यांचा जीव हातात असणारा.

आज मी बोलणार आहे ते अणुवीज केंद्रातल्या जनरेटरविषयी. खरं म्हणजे जनरेटरविषयीही नाही, त्याच्या डिझेलच्या टाकीविषयी. हा विषय सांगितला की लोक आधी हसतात. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "अहो, जिथे वीज तयार होते तिथे जनरेटर कशाला? हलवायाच्या घरी बाहेरून पेढे आणण्यातला प्रकार!" प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करतो.

गुऱ्हाळात चुलवाणावर काहील असते. खालचा जाळ ओढून काढला तरी रस लगेच शांत होत नाही, काही वेळ रटरटत राहतो. अणुभट्टीचंही तसंच, पण एक मोठा फरक आहे. काहिलीतली उष्णता बाहेरून आलेली, ती हळूहळू निवते. अणुभट्टी बंद केली, म्हणजे नियंत्रक दांडे आत घालून अणू फुटण्याची साखळी थांबवली, तरी आधी फुटलेल्या अणूंचे तुकडे किरणोत्सारी असतात आणि ते आतल्या आत उष्णता देतच राहतात. ही उष्णता बंद करायचं बटण कुठेच नाही.

ती किती असते? हजार मेगावॅट वीज देणारी भट्टी आतमध्ये साधारण तीन हजार मेगावॅट उष्णता तयार करते. भट्टी बंद केल्याच्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के शिल्लक असते, म्हणजे सुमारे दोनशे मेगावॅट. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास येते, आणि एक दिवसानंतर साधारण अर्धा टक्का. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पंधरा मेगावॅट. एवढी उष्णता तासाला वीसेक टन पाण्याची वाफ करते. उन्हाळ्यात आपल्याकडे गावाला पाणी घेऊन येतो ना, दहा हजार लिटरचा टँकर? तसे दोन टँकर, दर तासाला, भट्टी बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी.

ती उष्णता काढून न्यायची तर पाणी फिरवणारे पंप चालू हवेत, आणि पंपांना वीज हवी. भट्टी बंद असल्यामुळे स्वतःची वीज नाही, म्हणून ती बाहेरच्या तारांवरून घ्यायची. आणि वादळ, भूकंप, पूर अशा ज्या कारणांनी भट्टी बंद करावी लागते, त्याच कारणांनी त्या तारा तुटलेल्या असण्याचा संभव सगळ्यात जास्त. तेव्हा उरतात ते हे डिझेलवाले. बॅटऱ्या असतात, पण त्या मोजक्या तासांच्या धनी; मोठे पंप ओढणं त्यांचं काम नव्हे.

अणुवीज केंद्रातला डीजी सेट म्हणजे आपल्या सोसायटीच्या कोपऱ्यातला डबा नव्हे. जहाजात किंवा रेल्वेच्या इंजिनात बसतो त्या जातीचा तो गडी असतो. त्याचं वंगण आणि पाणी कायम कोमट ठेवलेलं असतं. सुरू करायला दाबाखालची हवा तयार असते. अमेरिकेतल्या केंद्रांत हुकूम मिळाल्यापासून साधारण दहा सेकंदांत त्याने पूर्ण वेगाने वीज द्यायला उभं राहायचं असतं. महिन्यातून एकदा त्याला सुरू करून भार घालून पाहतात. इंजिनांच्या माणसाला त्याचा हेवा वाटावा असं सगळं.

पण इंजिन कितीही देखणं असलं तरी ते पिणार डिझेलच. माझ्या सवयीचा ढोबळ हिशेब सांगतो. एक युनिट वीज काढायला मोठ्या इंजिनाला पाव लिटरच्या आसपास डिझेल लागतं. पाच मेगावॅटचा सेट पूर्ण भाराने चालला तर तासाला साडेबाराशे लिटर. दिवसाला तीस हजार. आठवड्याला दोन लाख दहा हजार लिटर. रस्त्यावरचे वीस हजार लिटरचे दहा-अकरा टँकर, आणि हे फक्त एका सेटचं.

आठवड्याचा हिशेब मी उगाच केला नाही. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाची डिझेलसाठ्याविषयी एक मार्गदर्शिका आहे, १९७० च्या दशकाच्या अखेरची, क्रमांक १.१३७. तिचा गाभा असा की प्रत्येक सेटसाठी सात दिवस पुरेल एवढं डिझेल केंद्राच्या आवारातच असलं पाहिजे. सात का? बाहेरची मदत यायला लागणारा वेळ त्याहून कमी असेल असं धरून. म्हणजे वरवर पाहता हा आकडा टाकीचा आहे, पण खरं तर तो रस्त्यांचा, पुलांचा, टँकरच्या ड्रायव्हरचा, आपल्या आसपासच्या जगाचा आहे. जग किती दिवसांत आपल्या फाटकाशी पोचेल, याचा तो अंदाज आहे.

ही मार्गदर्शिका माझ्या हाती कशी पडली, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. त्यात माझी स्वतःची चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला अधिकार नाही.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मी तेव्हा उपनगरातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या जनरेटरची देखभाल बघत होतो. दुपारी सहज म्हणून गेलो आणि अडकलो. संध्याकाळी वीज गेली, डीजी सेट सुरू झाला. त्याचा चौथरा मीच भांडून तीन फूट उंच करून घेतला होता. पाणी चौथऱ्याला लागलं आणि थांबलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकी तळाला आली. मागच्या खोलीत डिझेलची दोन पिंपं होती. वॉर्डबॉय पोरांनी बादल्या लावून ती भराभर टाकीत ओतली. अर्ध्या तासात इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. फिल्टर उघडला तर आत डांबरासारखा काळा चिकटा. नवा घातला, एअर काढली, सुरू केलं. दहा मिनिटांत तोही तुंबला. मग धुतलेले फिल्टर, गाळलेलं डिझेल, पुन्हा एअर काढणं. असे सगळे मिळून चाळीस मिनिटं.

अतिदक्षता विभागात दोन रुग्ण व्हेंटिलेटरवर होते. यंत्रांच्या बॅटऱ्या संपल्यावर सिस्टर हाताने रबरी फुगा दाबून त्यांना श्वास देत होत्या. एक सिस्टर जिन्यापर्यंत येऊन मला म्हणाल्या, "साहेब, अजून किती वेळ?" मी म्हटलं, "दहा मिनिटं, सिस्टर." हे मी त्यांना तीनदा सांगितलं. दोन्ही रुग्ण वाचले, ते त्या हातांमुळे.

आता चूक. डिझेलच्या टाकीच्या तळाला एक तोटी असते. टाकीत दमट हवा शिरते, रात्री गारव्याने तिचं पाणी होतं, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जंतू वाढतात आणि शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. तोटी उघडून हे वरचेवर काढून टाकायचं असतं. त्या रुग्णालयातली तोटी भिंतीच्या बाजूला होती, हात जायचा नाही. दीड वर्ष ती कुणी उघडली नव्हती. आणि माझ्या तिमाही अहवालात 'टाकीचा निचरा' या रकान्यापुढे दर वेळी बरोबरची खूण होती. माझ्या हातची. वरून बादल्या ओतल्या तेव्हा तळाचा तो सगळा गाळ ढवळून निघाला. इंजिन निर्दोष होतं. चौथराही उंच होता.

हे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पुढे कधीतरी सांगितलं. तो अमेरिकेत नोकरीला. त्याने उत्तरादाखल काही न लिहिता ती मार्गदर्शिका पाठवून दिली. मी वाचायला बसलो आणि एका सूचनेपाशी थांबलो. सूचना अशी: टाकीत नवं डिझेल भरताना तळाचा गाळ ढवळला जाणार नाही अशी काळजी घ्यावी. मी चहा बाजूला ठेवला.

पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की या लोकांनी डिझेलला नाशवंत मालासारखं धरलं आहे. टँकर फाटकाशी आला की सरळ ओतायचं नाही. आधी नमुना काढून घनता, चिकटपणा, पेट घेण्याचं तापमान आणि पाण्याचा अंश पाहायचा. साठ्यातल्या डिझेलमध्ये लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कचरा चालत नाही. तपासणी दर ३१ दिवसांनी. इंजिनाजवळ तासाभराला पुरेल, वर दहा टक्के, एवढी छोटी टाकी असते. तिच्यातलं पाणीही तितक्याच नियमाने काढायचं. दर दहा वर्षांनी मोठी टाकी रिकामी करून धुवायची. आणि मला सर्वांत आवडलेला नियम असा: साठा सात दिवसांच्या खाली पण सहाच्या वर असेल, तर तो पूर्ववत करायला ४८ तास मिळतात. त्याखाली गेला तर इंजिन ठणठणीत असलं तरी कागदोपत्री ते 'निकामी' धरायचं. आपल्याकडे कुणाला सांगून पाहा की टाकी पाऊण भरलेली आहे म्हणून तुमचं इंजिन बंद आहे!

यात गमतीचे प्रसंगही येतात. हवा स्वच्छ राहावी म्हणून अमेरिकेत २००६ पासून डिझेलमधलं गंधक फार कमी केलं गेलं. चांगलीच गोष्ट. पण असं डिझेल थोडं हलकं असतं, लिटरमागे त्याची ताकद किंचित कमी. म्हणजे टाकी तीच, मोजपट्टीवरची खूण तीच, आणि सात दिवसांना मात्र कात्री लागण्याची शक्यता. नियामक आयोगाने त्याच वर्षी सगळ्या केंद्रांना सावध केलं. पुढे २००९ मध्ये बायोडिझेलविषयी तसंच. बाजारातल्या साध्या डिझेलमध्ये पाच टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला तिकडे परवानगी मिळाली होती, तेही वेगळं न सांगता. हे मिश्रण पाणी जास्त धरतं, जुन्या टाकीचा थर सुटा करतं आणि साठवणीत लवकर खराब होतं. रोज टाकी रिकामी करणाऱ्या ट्रकला त्याचं काही नाही. वर्षानुवर्षं वाट बघत बसणाऱ्या टाकीला आहे. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल आलं आहे, तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या टाक्या आहेत त्यांनी हा भाग मनावर घ्यावा.

आता सात दिवस पुरतात का? २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट अणुवीज केंद्रावरून गेलं. भट्ट्या आधीच बंद केल्या होत्या. शेजारच्या औष्णिक संचाची उंच चिमणी तडकली, उंचावरची पाण्याची टाकी कोसळली, बाहेरची वीज पाच दिवसांहून अधिक काळ नव्हती. डिझेल इंजिनांनी निभावून नेलं. सातातले पाच गेले, या हिशेबाकडे मी तरी शांतपणे पाहू शकत नाही.

फुकुशिमाची गोष्ट वेगळी. ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर तिथली डिझेल इंजिनं सुरू झाली होती. त्सुनामी आली आणि तळमजल्यांत, तळघरांत पाणी शिरलं. एकूण तेरा सेट होते. त्यांपैकी सहाव्या भट्टीचा एकच, हवेवर थंड होणारा, टिकला आणि त्याने पाचवी आणि सहावी अशा दोन भट्ट्या वाचवल्या. उरलेल्यांचं इंजिन तरी बुडालं, त्याला थंड ठेवणारे समुद्रकाठचे पंप तरी गेले, नाहीतर वीज वाटणारी कपाटं तरी. तेलाची एक मोठी टाकी वाहत येऊन रस्त्यात आडवी पडली.

पण मला रुतून बसलेला प्रसंग १४ मार्चचा आहे. दुसऱ्या भट्टीत समुद्राचं पाणी घालायला आगीचा बंब जोडून ठेवला होता. मोठ्या कष्टाने भट्टीतला दाब उतरवला, आता पाणी आत जाऊ शकत होतं. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी लक्षात आलं की बंब बंद आहे. इंधन संपलेलं. किरणोत्सर्गामुळे तिथे माणूस सतत उभा राहू शकत नव्हता, फेऱ्या मारून बघावं लागत होतं. पाणी सुरू झालं सात वाजून चोपन्न मिनिटांनी. जपानसारख्या देशात, अणुभट्टी आणि अनर्थ यांच्यामध्ये, बंबाची छोटीशी टाकी रिकामी होती. त्या लोकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित फेरीलाही गेलो नसतो.

आपल्या देशातही डिझेलच कामाला आल्याचं उदाहरण आहे. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनचं पातं तुटून आग लागली. केबल जळाल्या आणि केंद्रातली वीज सतरा तास गेली. डीजी सेट असून उपयोग नव्हता, कारण त्यांची वीज वाहून नेणाऱ्या तारांचीच राख झाली होती. कर्मचारी हातात विजेऱ्या घेऊन अंधारात वर चढले आणि भट्टीत बोरॉन सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. बॉयलरमध्ये पाणी घातलं ते आगीसाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी. त्या पंपांना कुठल्याही तारेची गरज नव्हती.

मग आपल्या तारापूरचं काय, असं तुम्ही विचाराल. तारापूर १९६९ पासूनचं, तेही समुद्रकाठचं. तिथल्या जुन्या दोन भट्ट्या २००५-०६ मध्ये काही महिने सुधारणांसाठी बंद होत्या. तेव्हा तिथे अधिक क्षमतेचे नवे डीजी सेट बसवले गेले. फुकुशिमानंतर देशातल्या केंद्रांत हवेवर थंड होणाऱ्या जास्तीच्या डीजी सेटची सोय करण्यात आली. यावर माझं मत विचारलंत तर मी सेटचे आकडे ऐकून घेईन आणि मग विचारीन की टाकीची तोटी कुठे आहे, आणि तिथपर्यंत हात पोचतो का.

सात दिवसांच्या हिशेबाला खरा धक्का बसला तो अलीकडे, युक्रेनमध्ये. झापोरिझिया हे युरोपातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र, सहा भट्ट्या, वीस डीजी सेट. २०२२ पासून ते युद्धाच्या तोंडावर आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून भट्ट्या वीज बनवत नाहीत, म्हणून उष्णता पुष्कळ उतरलेली आहे, पण पंप चालू ठेवावेच लागतात. २३ सप्टेंबर २०२५ ला बाहेरची शेवटची तार गेली. युद्ध सुरू झाल्यापासूनची ही दहावी वेळ. याआधी तासांत किंवा फार तर काही दिवसांत तार जोडली जायची. या वेळी सुमारे एक महिना लागला. एक महिना ते केंद्र आळीपाळीने चालवलेल्या डिझेल इंजिनांवर होतं, आणि साठा संपत जाईल तसं डिझेल बाहेरून आणत राहावं लागलं. ज्यांनी सात हा आकडा ठरवला त्यांच्यासमोर वादळ होतं, पूर होता, भूकंप होता. वादळ पुढे निघून जातं, पूर ओसरतो. तार जोडायला गेलेल्या माणसांवर गोळीबार होईल आणि तो थांबायला आठवडे लागतील, हे त्या हिशेबात नव्हतं.

मी आता निवृत्त आहे. आमच्या सोसायटीचा जनरेटर मात्र मला बघू देतात. फुकटचा माणूस कुणाला नको असतो! गेल्या महिन्यात तोटी उघडून बाटली धरली. वर डिझेल आणि खाली चांगलं चार बोटं पाणी. आमचे वॉचमन काका बाटली उजेडात धरून बघत राहिले. म्हणाले, "साहेब, हे आत आलं कुठनं? आम्ही तर झाकण घट्ट लावतो."

मी त्यांना टाकीवरची हवेची नळी दाखवली, आणि पुढच्या महिन्याची तारीख खडूने टाकीवर लिहून ठेवली.